भ्रूणांची गुणसूत्रं तपासून घ्यावीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत माझं काम भ्रूणांचं, त्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. बहुतेकींना वाटतं की पीजीटी-ए, म्हणजे भ्रूणातल्या गुणसूत्रांची संख्या बघणारी तपासणी, केली म्हणजे बाळ नक्की. तसं नाही. या तपासणीनं भ्रूण सुधारत नाही. हाती आहेत त्यांतला आधी कोणता गर्भाशयात सोडायचा, हे ठरवायला तिची मदत होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेला येतो. आत ज्यातून बाळ घडतं तो पेशींचा पुंजका, बाहेर ज्यातून वार तयार होते तो थर. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचेच्या नळीनं आम्ही त्याला धरतो, लेझरनं कवचाला छिद्र पाडतो आणि बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी अलगद ओढून घेतो. भ्रूण आकसतो. मग तो गोठवायचा आणि पेशी तपासायला पाठवायच्या. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी मी कुणाशी बोलत नाही.

म्हणजे रिपोर्ट येतो तो वारेच्या बाजूच्या मूठभर पेशींचा. त्यात काही पेशी नॉर्मल, काही बिघडलेल्या निघाल्या तर भ्रूणाला मोझॅक म्हणतात. असे भ्रूण पूर्वी सरसकट बाद व्हायचे. इटलीतल्या डॉक्टरांनी 18 स्त्रियांना तेच दिले आणि 6 निरोगी बाळं जन्मली. हे 2015 साली प्रसिद्ध झालं. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी विचाराच: मोझॅक निघाला तर तुम्ही त्याचं काय करणार?

वयाचा मुद्दा खरा आहे. स्त्रीबिजं मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांचं विभाजन अर्ध्यावर थांबून राहतं. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं वर्षानुवर्षं झिजतात, वाटणी चुकते. चाळिशीनंतर निम्म्याहून जास्त भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. यात बाईनं काही केलं किंवा करायचं राहिलं असं नसतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘एकही नॉर्मल नाही’ असा रिपोर्ट आला की ती स्वतःलाच दोष देते.

चाळिशीच्या आसपास असाल, वारंवार गर्भपात झाले असतील आणि भ्रूण बरेच असतील, तर तपासणीचा विचार जरूर करा. नको ते ट्रान्सफर आणि काही गर्भपात टळू शकतात. वय कमी आणि भ्रूण चांगले असतील तर मी सहसा नको म्हणते. चीनमध्ये 20 ते 37 वयाच्या 1,212 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (2021) तपासणी केलेल्या गटात 77.2 टक्के स्त्रियांना बाळ झालं, न केलेल्या गटात 81.8 टक्के. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात काहीसे कमी होते.

घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल तर तो यात कळत नाही. त्याची तपासणी वेगळी असते आणि ती उपचार सुरू होण्याआधीच ठरवावी लागते.