कोअर शॉपमधला तो माशासारखा वास

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) कोअर शॉपला लागून बरीच वर्षं झाली, तरी घरात पाऊल टाकलं की आई अजून विचारते, "मासळी आणलीस काय रं?" मासळी कुठली, तो ट्रायइथाइलअमाइनचा वास, आम्ही नुसतं अमाइन म्हणतो.

इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या आत पाण्याच्या वाटा पोकळ ठेवायच्या तर ओतताना साच्यात वाळूचा कोअर, म्हणजे गाभा, ठेवावा लागतो. तो करायच्या कोल्ड बॉक्स पद्धतीत वाळूत फिनॉलिक रेझिन आणि आयसोसायनेट ही वाळू बांधणारी दोन रसायनं मिसळायची, ती वाळू कोअरच्या आकाराच्या बॉक्समध्ये हवेच्या दाबानं शूट करायची, तोवर ती भुसभुशीतच असते, आणि मग कोरड्या हवेबरोबर अमाइनची वाफ सोडली की काही सेकंदात दगड! तापवायची गरजच नाही. मला हे अजून बघत राहावंसं वाटतं. पावसाळ्यात मात्र एअर ड्रायर आणि वाळू दोन्हीवर डोळा ठेवावा लागतो, ओल लागली की आयसोसायनेट खराब होतं आणि कोअर हातात तुटतो.

अमाइन यात फक्त कॅटॅलिस्ट, क्रिया घडवतं पण स्वतः खर्च होत नाही, म्हणजे आत जेवढं गेलं तेवढं सगळं परत बाहेर येणार. ते हवेनं ढकलून स्क्रबरमध्ये, म्हणजे वाफ धुऊन काढणाऱ्या टाकीत, न्यायचं, तिथल्या पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये त्याचं मीठ होऊन पाण्यात विरघळतं आणि वास जातो. पण अ‍ॅसिड खर्च होत जातं ना, ते कोण बघणार?

आधी एका फौंड्रीत होतो तिथं चार दिवस कुणीच स्क्रबरचा पीएच, म्हणजे अ‍ॅसिड किती उरलंय ते, बघितला नव्हता. सेकंड शिफ्ट सुटल्यावर पंचगंगेच्या पुलावरनं गाडीवरनं येताना समोरच्या ट्रकच्या लाइटभोवती निळसर कडं दिसायला लागलं, सगळं धुक्यातनं बघितल्यागत, पुलावर धुकं तर काहीच नव्हतं, कसाबसा कडेकडेनं घरी आलो. सकाळी नजर एकदम साफ. डॉक्टर म्हणाले, अमाइनच्या वाफेनं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येते, काही तासांत उतरते. पण त्या काही तासांतच माणूस गाडी चालवत घरी जात असतो की!

शिवाय हे अमाइन उकळतं 89 अंशाला, पण पेट घेणारी वाफ शून्याच्या खालीसुद्धा निघते, आणि ती हवेच्या साडेतीनपट जड, खाली खड्ड्यात साचते. म्हणून अमाइनच्या ड्रमजवळ ठिणग्या उडवत ग्राइंडर चालवणाऱ्याला मी सरळ ओरडतो, मग तो कितीही सीनियर असू दे.

आता शिफ्टला गेलो की कार्ड पंच करून पहिला स्क्रबरकडं जातो, पीएच पेपरची पट्टी बुडवतो, ती लाल आली, म्हणजे अ‍ॅसिड शिल्लक असलं, तरच मशीन चालू करायला सांगतो.