पिळाची दांडी : हट्टी बोल्ट अखेर नीट तुटला
पिळाच्या दांडीत एका टोकाला पीळ भरून तो पकडीने रोखायचा, पकडीचा खाच पाडलेला बोल्ट तोडून तो एकदम सोडायचा आणि त्या लाटेने पलीकडच्या टोकाचा धातूचा नमुना झटक्यात पिळायचा. मागच्या नोंदीत मी कुरकुर केली होती की, ऑसिलोस्कोपवर ही लाट एकदम न उठता आळसावून चढते. त्याचे मूळ अखेर सापडले; ते ना दांडीचा पीळ मोजणाऱ्या गेजमध्ये होते ना ॲम्प्लिफायरमध्ये, ते पकडीच्या बोल्टमध्ये होते. माझ्या 25 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम दांडीत पकडीमागची लांबी 60 सेंटिमीटर आहे आणि पिळाची लाट सेकंदाला सुमारे 3,100 मीटर धावते, म्हणजे ती लांबी जाऊन-येऊन धरली तर सारा स्पंद जेमतेम 390 मायक्रोसेकंदांचा. त्यातले 150 चढण्यातच गेल्यावर नमुन्याला स्थिर विकृती दर, म्हणजे आकार बदलण्याचा एकसारखा वेग, मिळणार कुठून?

वाळूजहून आणलेले मऊ पोलादाचे बोल्ट तुटण्याआधी लांबत होते, आणि तेवढ्या वेळात पकडीचे जबडे दांडीवर घसरत पीळ हप्त्याहप्त्याने सोडत होते. मी खाच खोल करत गेलो, तर पुरेसा पीळ भरण्याआधीच बोल्ट जाऊ लागला. शेवटी कोळप्याची पास शेवटायला लोहाराकडे गेलो असताना त्यांनी तो तुकडा हातात घेऊन सांगितले की, या लोखंडाला पाणी चढणारच नाही, म्हणजे तापवून विझवले तरी ते कडक होणार नाही. हे मला आधीच सुचायला हवे होते. ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाची सळई आणून बोल्ट कातले, खाच पाडली आणि लालभडक करून तेलात विझवले. पहिला आवळतानाच तडकला, कारण उतरवणी, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणे, करायची मी विसरलो होतो. दुसऱ्याची खाच वाकडी निघाली. तिसरा मात्र टणकन तुटला आणि चढ 45 मायक्रोसेकंदांवर आला. ती रेषा मी त्या रात्री कितीदा पाहिली, हे सांगण्यात अर्थ नाही.

बोल्ट एका बाजूला असल्याने तुटताना दांडीला हिसका बसतोच, परंतु 45 अंशांवरच्या चार गेजांची एकत्र जोडणी, म्हणजे पूर्ण ब्रिज, वाकण्याचा भाग खोडून टाकतो. दोन गेजांत भागवू पाहणाऱ्यांनी ती काटकसर करू नये.

पुढे नमुना म्हणून तांब्याची नळी पिळायची होती, पण हे लिहितानाच बेत बदलतो आहे. टेलर आणि क्विनी या संशोधकांनी 1934 मध्ये दाखवल्याप्रमाणे कायमच्या विकृतीला लागणाऱ्या कामाचा बहुतेक भाग उष्णता होतो, आणि इतक्या वेगात तिला पसरायला सवड नसते. तांबे पिळताना कठीण होत जाते म्हणून विकृती वाटून घेते, तर कडक पोलाद एकाच अरुंद पट्ट्यात ऊन होऊन मऊ पडते आणि तिथेच सरकते. म्हणून उरलेल्या ईएन-8चीच नळी करून, तिला तसेच पाणी देऊन, भिंतीवर अक्षाला समांतर बारीक रेघा ओढाव्यात; पट्टा पडला असेल तर रेघ तिथे मोडलेली दिसेल. 0.4 मिलिमीटरची भिंत आत आधार दिल्याशिवाय कातायला आमचे टर्नर तयार नाहीत, तेव्हा आधी मँड्रेल, म्हणजे नळीत घालायचा आधाराचा दांडा.