सैतानाच्या बाजूने एक मत

अमेरिकेतल्या युटामध्ये सोमवारी संध्याकाळी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरांतली माणसं एकत्र बसतात. प्रार्थना, गाणं, एखादी गोष्ट आणि शेवटी काहीतरी गोड. शेजारच्या आजींनी आम्हालाही बोलावलं, म्हणून लेकीला घेऊन गेले. त्या दिवशीची गोष्ट जन्माच्याही आधीची होती.

आपण सगळी देवाची लेकरं, देह मिळण्याआधी त्याच्याच घरी राहायचो. मग स्वर्गात बैठक बसली. पृथ्वीवर जायचं, बरंवाईट ज्याचं त्याने निवडायचं, हे ठरलेलं. पण चुका होणारच, मग सोडवायला जाणार कोण? येशू म्हणाला, बाबा, तुमच्या मनासारखं होऊ दे, मान तुमचाच. ल्युसिफर, म्हणजे पुढे जो सैतान झाला तो, म्हणाला, मला पाठवा. एकही जीव वाया जाऊ देणार नाही, फक्त मान मला द्या. हा पंथ काढणाऱ्या जोसेफ स्मिथने 1830 मध्ये सांगितलेल्या मोशेच्या ग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या पहिल्या चार वचनांत या दोघांचं बोलणं उरकलंय. ल्युसिफरला नकार मिळाला, त्याने बंड केलं, तिसरा हिस्सा आत्मे घेऊन तो खाली आला. त्यांच्यातल्या कुणालाच देह मिळाला नाही.

म्हणजे सैतान आपला सख्खा भाऊ, आणि पापाचं मूळ भाऊबंदकीत! मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको.

बाकीचे आपण जन्मलो, पण विस्मरणाचा पडदा ओढून. आपल्याकडे नाही का, गर्भात ‘सोहम्’ म्हणणारं बाळ बाहेर पडताच ‘कोहम्’ म्हणून रडतं, तसंच.

मी मात्र ‘एकही वाया जाऊ देणार नाही’ इथेच अडकले होते. हे तर माझंच वाक्य! लेकीच्या वहीतली चूक मी तिच्याआधी खोडते, रबराचा चुरा झटकते आणि बरोबर उत्तर लिहून मोकळी होते. त्या बैठकीत माझा हात कुणासाठी वर गेला असता, हे आजींना सांगायची सोय नव्हती.

स्वर्गात आईही आहे, असं मॉर्मन मानतात. 1845 सालच्या त्यांच्या एका प्रसिद्ध स्तोत्रात ती येते. बैठकीत ती काय बोलली, ते काही त्या वचनांत नाही. पण 1832 च्या एका प्रकटीकरणात म्हटलंय, ल्युसिफर गेला तेव्हा स्वर्ग त्याच्यासाठी रडला. रडलं कोण, ते मी समजून घेतलं.

त्या रात्री लेकीने सात आठे चोपन्न लिहिलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. रबर तिच्या कोपराशीच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. 54 भोवती लाल गोल. तिने एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

“आई, तुला काल माहीत होतं ना?”