बेडूक परत येईपर्यंत

रविवार, रात्री साडेदहा. गंगापूर रोड, नाशिक.

गोदेचे पाणी वाढल्याची चर्चा सकाळपासून कानावर येत होती आणि पावसाने दुपारभर उसंत दिली नाही, म्हणून दुपारची जेवणे आटोपल्यावर भाचा आणि मी हॉलमध्येच सतरंजी पसरून यू-गी-ओ या कार्डांच्या खेळाची कार्डे घेऊन बसलो. पाच डाव झाले आणि पाचही मी हरलो. याचे वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल, कारण माझ्या या डेकवर, म्हणजे निवडून जुळवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर, माझा जीव आहे. परंतु हा डेक का हरतो हे आज प्रथमच मला नीट उमगले असे वाटते, आणि ते झोपण्यापूर्वी लिहून ठेवायचे आहे.

माझा डेक मोनार्क नावाच्या जुन्या मॉन्स्टरांचा. प्रत्येक मोनार्कची ताकद २४००, आणि मैदानावरच्या एका मॉन्स्टरचा ट्रिब्यूट, म्हणजे बळी, दिल्याशिवाय त्यांपैकी कोणीही उतरत नाही. तो ट्रिब्यूट पुरवतो ट्रीबॉर्न फ्रॉग नावाचा १०० ताकदीचा बेडूक. तो ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद झालेल्या कार्डांच्या ढिगात, असेल आणि माझ्या बाजूला एकही स्पेल किंवा ट्रॅप (मॉन्स्टर नसलेली मदतीची कार्डे) नसेल, तर माझ्या टर्नच्या सुरुवातीला तो आपसूक परत येतो. मग दर टर्नला बेडूक द्यावा आणि मोनार्क उतरवावा. त्यांतला रायझा मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो समोरचे एक कार्ड उचलून प्रतिस्पर्ध्याच्या डेकवर सर्वांत वर ठेवतो. कार्ड तर जातेच, शिवाय पुढच्या टर्नला त्याला नवे काही न मिळता तेच पुन्हा ओढावे लागते. इतकी नेमकी चाल मी दुसऱ्या कोणत्याही कार्डात पाहिलेली नाही.

आजचा दुसरा डाव मला विशेष लक्षात राहील. माझ्या हातात रायझा, कायस, थेस्टालोस हे तीन मोनार्क आणि बेडूक अशी चारही कार्डे एकत्र आली होती. पूर्वी असा हात आला की अर्धा डाव जिंकल्यासारखा वाटत असे. भाच्याने आधी खेळायला सुरुवात केली. त्याने एक कार्ड टाकले, त्या कार्डाने डेकमधून दुसरे आणले, दुसऱ्याने तिसरे, आणि ती साखळी थांबली तेव्हा माझ्या चाली रद्द करू शकणारे तीन मॉन्स्टर त्याच्यासमोर उभे होते, शिवाय त्याच्या हातात दोन कार्डे शिल्लक होती. मी बेडूक उलटा ठेवून टर्न सोडला, कारण ट्रिब्यूट द्यायला मैदानावर दुसरे काहीच नव्हते. त्याने पहिल्या हल्ल्यात बेडूक मारला. बेडूक ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे अगदी हव्या त्या जागी पोहोचला खरा. पण त्याच टर्नमध्ये उरलेल्या हल्ल्यांनी माझे ८००० लाइफ पॉइंट्स संपवले, आणि ते संपले की डाव हरला.

“मामा, तुझी सगळी चांगली कार्डं हातातच राहिली,” तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते.

नव्या कार्डांचे आकडे मोठे झाले म्हणून जुने डेक मागे पडले, असे मी इतकी वर्षे मानत आलो. ते पटण्यासारखे नाही. ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगनची ताकद १९९९ पासून ३००० च आहे आणि आज स्पर्धांत खेळली जाणारी पुष्कळ कार्डे त्याहून दुबळी आहेत. वाढले आहे ते एका कार्डाकडून होणारे काम. या खेळात कार्ड वापरण्यासाठी ऊर्जेसारखे काही मोजावे लागत नाही. नॉर्मल समन, म्हणजे हातातला मॉन्स्टर साध्या रीतीने उतरवणे, टर्नला एकदाच करता येतो, पण इतर मार्गांनी उतरवण्याला, म्हणजे स्पेशल समनला, तशी मर्यादा नाही. २००८ मध्ये सिंक्रो, २०११ मध्ये एक्सीझ आणि २०१७ मध्ये लिंक हे स्पेशल समनचे नवे प्रकार आले, आणि प्रत्येक वेळी एकाच टर्नमध्ये अधिक काही उभारण्याची नवी वाट खुली झाली.

संध्याकाळी वहीत आकडेमोड केली. ४० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या तीन प्रती असतील, तर पहिल्या पाच कार्डांत ते मिळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. मला मात्र बेडूक आणि मोनार्क अशी जोडी लागते. ठरावीक दोन कार्डे, प्रत्येकी तीन प्रती, असा हिशेब केला तर दोन्ही एकत्र येण्याची शक्यता जेमतेम १० टक्के निघते. मोनार्क अनेक असल्यामुळे माझी अवस्था प्रत्यक्षात इतकी वाईट नाही, तरी जोडीशिवाय गाडी हलत नाही हे उरतेच. भाच्याच्या डेकमध्ये एकट्याने साखळी सुरू करणारी बारा कार्डे आहेत. त्यांतले एक तरी हातात येण्याची शक्यता ८५ टक्के. शिवाय सुरुवातीची सोय इतक्या थोड्या जागेत झाल्यामुळे त्याच्याकडे हँड ट्रॅपसाठी, म्हणजे हातातूनच समोरच्याची चाल अडवणाऱ्या कार्डांसाठी, भरपूर जागा उरते.

हँड ट्रॅप माझ्याच टर्नमध्ये, त्याच्या हातातून थेट वापरले जातात. ॲश ब्लॉसम नावाचे असे कार्ड टाकून तो माझे डेकमधून कार्ड आणणे थांबवतो, आणि त्यासाठी त्याला आधी काहीही मांडून ठेवावे लागत नाही. आमच्या काळचा मिरर फोर्स हा ट्रॅप आधी उलटा ठेवायचा, टर्न जाऊ द्यायचा आणि समोरच्याने हल्ला करण्याची वाट पाहायची. माझ्या डेकला तर तेही वर्ज्य, कारण ट्रॅप ठेवला की बेडूक येत नाही. जुन्या डेकच्या प्रत्येक चालीत ‘पुढचा टर्न आपल्याला मिळणार’ हे गृहीत धरलेले होते, आणि तो टर्नच आता मिळत नाही.

२०१६ मध्ये मोनार्कांना नवी कार्डे मिळाली आणि काही महिने तो डेक पुन्हा अग्रभागी होता. मोनार्कांची ताकद तेव्हा फारशी वाढली नव्हती. डोमेन ऑफ द ट्रू मोनार्क्स या कार्डाने प्रतिस्पर्ध्याचा एक्स्ट्रा डेकच (सिंक्रो, एक्सीझ यांसारख्या मॉन्स्टरांचा वेगळा गठ्ठा) बंद पाडला, म्हणजे ज्या साखळीत तो धावत होता ती तोडून त्याला आमच्या चालीने चालायला लावले. हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

मॅजिक या दुसऱ्या कार्डांच्या खेळाच्या स्टँडर्ड प्रकारात जुने संच ठरावीक काळाने स्पर्धेबाहेर जातात, त्यामुळे नव्या कार्डांना सगळ्या भूतकाळाशी झगडावे लागत नाही. यू-गी-ओमध्ये अशी निवृत्ती नाही. बंदीची यादी असते, पण ती निवडक कार्डांपुरती. माझा रायझा आजही पूर्णपणे वैध आहे, आणि मला वाटते, तो वैध असल्यामुळेच त्याचे मागे पडणे अधिक टोचते.

दिवेलागणीनंतर मी जुना डबा काढला. अमेरिकेतील एडिसन येथे २०१० मध्ये झालेल्या स्पर्धेच्या वेळची कार्डे आणि नियम घेऊन आजही अनेक जण खेळतात. तसे दोन डेक माझ्याकडच्या कार्डांतून कसेबसे जुळवले. भाच्याने एक मॉन्स्टर उतरवला, एक ट्रॅप उलटा ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“झालं? एवढ्यावरच टर्न सोडायचा?”

“हो.”

तिसऱ्या टर्नला माझा बेडूक परत आला. मी त्याचा ट्रिब्यूट देऊन रायझा उतरवला आणि भाच्याचा मॉन्स्टर त्याच्या डेकवर ठेवायला सांगितला. आपल्या टर्नला त्याने तेच कार्ड पुन्हा ओढले आणि बराच वेळ ते हातात धरून पाहत राहिला.