साखर काढली तरी नानकटाई बिघडू नये म्हणून

साखरेला पर्याय शोधताना सगळ्यांचं लक्ष गोडीकडे असतं आणि खरं तर तोच त्यातला सोपा भाग आहे. शुद्ध स्टीव्हिया अर्काची चिमूट वाटीभर साखरेची जागा घेते. नानकटाई फसते ती दुसऱ्याच कारणांनी. ती पांढरीफटक राहते, जिथे ठेवली तिथेच गोळ्यासारखी बसते, दाताखाली कचकचते, नाहीतर हातात घेताच तिचा भुगा होतो.

कारण साखर गोडीखेरीज बरंच काही करत असते. तुपाबरोबर फेसताना तिचे कण तुपात हवा कोंडतात. पिठातलं पाणी ती स्वतःकडे ओढते, त्यामुळे मैद्याला चिवटपणा येत नाही आणि खुसखुशीतपणा टिकतो. ओव्हनमध्ये ती वितळते, म्हणून बिस्किट पसरतं. रंगही बराचसा तिचाच. केकमध्ये तर ती अंडं आणि पिठातला स्टार्च घट्ट व्हायला उशीर लावते, तेवढ्या वेळात केक फुलून घेतो. पर्याय निवडताना यातली कोणती कामं तो करतो आणि कोणती करत नाही, हे आधी बघायचं.

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. गूळ, मध, खजूर, नारळाची साखर हे नैसर्गिक असतील, लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचे, मुळीच नाहीत. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. खजुराच्या १०० ग्रॅम लगद्यात ६० ते ७० ग्रॅम साखर निघते. ‘शुगर-फ्री केक, खजूर घालून’ असं कुणी लिहिलं की मधुमेह असलेल्या माणसाची ती सरळ फसवणूक ठरते.

लो-कार्ब म्हणता येतील असे पर्याय मोजकेच. स्टीव्हिया हे मूळचं पॅराग्वेकडचं झुडूप. त्याच्या पानांचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. ओव्हनच्या उष्णतेला तो टिकतो, पण मागे कडसर चव ठेवतो, आणि प्रमाण वाढवलं की गोडीपेक्षा कडवटपणाच वाढतो. पाकिटावर ‘रेब-एम’ लिहिलेला अर्क ‘रेब-ए’पेक्षा (ही स्टीव्हियातल्या गोड घटकांची नावं) कमी कडू लागतो. मंक फ्रूट म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी भागातल्या फळाचा अर्क. तोही साधारण १५० ते २५० पट गोड, चवीला स्टीव्हियापेक्षा सौम्य, पण महाग. हे दोन्ही इतके थोडे लागतात की पिठात त्यांचं ना वजन, ना आकारमान. ते नुसते घातले तर नानकटाईच्या पिठातून साखरेचा ७५ ग्रॅम ऐवज नाहीसा होतो आणि त्या जागी काहीच येत नाही.

म्हणून एरिथ्रिटॉल लागतं. दिसायला साखरेसारखं दाणेदार, गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, एका ग्रॅमला जेमतेम ०.२ कॅलरी, आणि रक्तातली साखर त्याने जवळजवळ हलत नाही. ते काही फळांत थोडं असतं, पण बाजारात मिळणारं मक्याच्या स्टार्चपासून आंबवून कारखान्यात बनवलेलं असतं, त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द इथे जरा सैलच वापरलेला असतो. त्याच्या खोडी तीन. एक, पाण्यात ते साखरेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकं विरघळतं आणि गार झालं की परत खडे धरतं. दोन, त्याला रंग येत नाही. तीन, विरघळताना ते उष्णता शोषतं, त्यामुळे तोंडात पेपरमिंटच्या गोळीसारखा गारवा जाणवतो.

झायलिटॉलची गोडी साखरेइतकीच असते आणि बेकिंगमध्ये ते बरंचसं साखरेसारखं वागतं. पण त्याच्या एका ग्रॅममध्ये २.४ कॅलरी असतात, जास्त झालं तर पोट ढिलं होतं, आणि कुत्र्यांसाठी ते अगदी थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरतं. घरात कुत्रा असेल तर आणूच नये. अमेरिकेत राहणाऱ्यांना ॲल्युलोज, म्हणजे शरीरात जवळजवळ न पचणारी एक साखर, सहज मिळतं. त्याला रंग येतो, ते ओलावा धरतं आणि खडे होत नाहीत. केकसाठी याहून चांगलं काही नाही. बिस्किटं मात्र त्याने मऊ पडतात, शिवाय लवकर करपतात. ओव्हन १० ते १५ अंशांनी कमी ठेवायचा.

पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय काही घेऊ नका. समोर स्टीव्हियाचं हिरवं पान आणि मागे घटकांत पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज, असे प्रकार सर्रास असतात. ही दोन्ही नावं म्हणजे कर्बोदकंच, आणि रक्तातली साखर ती झपाट्याने चढवतात. माल्टिटॉल लिहिलं असेल तर तेही परत ठेवा, कारण एरिथ्रिटॉलसारखं ते नाही, रक्तातली साखर ते बऱ्यापैकी चढवतं. चहात टाकायच्या गोळ्यांचा बेकिंगमध्ये उपयोग नाही.

घरी मिश्रण करायचं तर हिशोब असा. २५० ग्रॅम एरिथ्रिटॉलची गोडी साधारण १७५ ग्रॅम साखरेइतकी. उरलेली ७५ ग्रॅमची गोडी २५० पट गोड अर्काच्या ०.३ ग्रॅमने भरून निघते. स्वयंपाकघरातला वजनकाटा हे मोजू शकत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, आणि इथे अंदाजपंचे चालत नाही, कारण अर्धा ग्रॅम जास्त पडला तर अख्खा घाणा कडू. काटा नसेल तर एरिथ्रिटॉलमध्ये स्टीव्हिया किंवा मंक फ्रूट मिसळून ‘साखरेइतकंच वापरा’ असं लिहिलेलं तयार पाकीट घ्या. पुढच्या प्रमाणांत ‘मिश्रण’ म्हणजे हेच.

आता नानकटाई. नेहमीची नानकटाई १२० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम बेसन आणि ७५ ग्रॅम पिठीसाखर घेऊन १६ नगांची केली तर एकेका नगात सुमारे १२ ग्रॅम कर्बोदकं येतात. फक्त साखर बदलली तर ७ राहतात. मैद्याच्या जागी बदाम पीठ घेतलं आणि न पचणारे तंतू वजा केले की २ वर येतं. साखर बदलून मैदा तसाच ठेवणं म्हणजे अर्धं काम झालं, एवढंच. ज्यांना नुसती साखर कमी करायची आहे त्यांनी मैद्याची खुशाल करावी, पण तिला लो-कार्ब म्हणू नये.

साहित्य: सोललेल्या बदामाचं बारीक पीठ १२० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, मिश्रण ५५ ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, जायफळपूड पाव छोटा चमचा, वेलची अगदी थोडी.

बेसन कोरडंच मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, कच्चा वास जाईपर्यंतच, आणि पूर्ण गार करा. मिश्रण मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं दळा. झाकण दोन-तीन मिनिटं उघडू नका, धूळ नाकात जाते. दळल्यावर चाळा, आणि लागेल तेवढंच दळा, कारण दळून ठेवलेल्या मिश्रणाच्या गाठी होतात. दाणेदार घातलंत तर तुपात पाणी नसल्यामुळे ते विरघळणार कुठे? कचकच हमखास.

तूप थिजलेलं, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपत मऊ हवं. वितळलेलं तूप हवा धरत नाही. तूप आणि मिश्रण हाताने किंवा बीटरने पाच-सहा मिनिटं फेसा. साखरेइतकं ते पांढरंशुभ्र फुगणार नाही. रंग फिकट झाला की थांबा. बाकीचं सगळं चाळून घाला आणि फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करा. बदामाचं तेल सुटायला लागतं, म्हणून मळायचं नाही. गोळा सैल वाटला तर २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पीठ वाढवू नका.

१७ ग्रॅमचे गोळे करा आणि तळव्याने दाबून हव्या त्या जाडीवर आणा, कारण या नानकटाया पसरत नाहीत. ठेवाल त्याच आकाराच्या बाहेर निघतील. ओटीजी १५० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून मधल्या जाळीवर १६ ते २० मिनिटं भाजा. कडा किंचित सोनेरी झाल्या की काढा. हा रंग बदामाचा आहे. मैद्याच्या केल्यात तर रंगाची वाट बघत बसू नका, करपून जातील. त्यात एक मोठा चमचा दूध पावडर घातली की थोडा तांबूसपणा येतो, थोडी कर्बोदकं वाढतात एवढंच.

बाहेर काढल्यावर त्या इतक्या मऊ असतात की कच्च्या राहिल्या असं वाटतं. हात लावू नका. अर्धा तास ट्रेमध्येच राहू द्या. एरिथ्रिटॉल गार होताना घट्ट होतं आणि खुसखुशीतपणा तेव्हाच येतो. पहिल्या पाच मिनिटांत उचलून भुगा करणं आणि मग ओव्हनमध्ये परत घालून जाळणं, हा क्रम फार जणांच्या घरी घडतो.

गारव्याचं काय? तो पूर्ण जात नाही, झाकता येतो. झाकायला तूप मदत करतं, बारीक दळणंही. वेलचीत स्वतःचाच थोडा गारवा असतो, म्हणून इथे जायफळ जास्त आणि वेलची नावाला. दालचिनी, भाजलेलं खोबरं, कॉफी, कोको यांच्या पदार्थांत तो जवळजवळ कळत नाही. नुसत्या व्हॅनिलाच्या बिस्किटात आणि बटरक्रीम आयसिंगमध्ये सर्वांत जास्त कळतो. आयसिंग एरिथ्रिटॉलचं करूच नये. फेटलेल्या क्रीममध्ये स्टीव्हियाचे थेंब पुरतात.

केकसाठी बदाम पीठ २०० ग्रॅम, अंडी ४, मऊ लोणी ८० ग्रॅम, मिश्रण १०० ग्रॅम, घट्ट दही २ मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ. आंबटपणा आणि मीठ दोन्ही स्टीव्हियाचा कडवटपणा दाबतात, म्हणून ती गाळू नका. सात इंची भांड्यात, खाली कागद घालून, १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. २५ मिनिटांनंतर वरून फॉइल टाका, बदाम पीठ वरून लवकर काळवंडतं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. दुसऱ्या दिवशी केक कोरडा वाटला किंवा वर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी नाही, एरिथ्रिटॉलचे खडे आहेत. मिश्रणातलं ३० ग्रॅम काढून तेवढं ॲल्युलोज घातलं तर हे थांबतं. ॲल्युलोज मिळत नसेल तर केक त्याच दिवशी संपवणं बरं. अंड्याशिवाय करायचा असेल तर बदाम पिठाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. इसबगोलाच्या भुशीची पूड २ छोटे चमचे आणि दही आणखी चार चमचे घाला, पण केक दडस होणार हे गृहीत धरा.

काही ठिकाणी मात्र हट्ट सोडावा. एरिथ्रिटॉलचं कॅरमल होत नाही. पाक गार झाला की वाळूसारखा बसतो. यीस्टच्या पावात साखरेऐवजी ते घालू नका, कारण यीस्टला ते खाता येत नाही. अर्धा किलो पिठाला एक छोटा चमचा खरी साखर घाला, फुगताना यीस्टच ती संपवतं.

एका वेळी दोन-तीन नानकटाया पुरेत. एरिथ्रिटॉल जास्त झालं तर काहींचं पोट गुरगुरतं. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधल्या अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध दिसला. त्यावरून एरिथ्रिटॉलच कारण आहे असं सिद्ध होत नाही, शरीरही ते थोडं तयार करतं, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी रोज खाऊ नये, असं मला वाटतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि आहारातली कर्बोदकं एकदम कमी होणार असतील तर डोस डॉक्टरांना विचारूनच.

नानकटाया हवाबंद डब्यात, बाहेरच ठेवा. आठवडाभर चांगल्या राहतात. फ्रिजमध्ये तूप थिजून त्या दगड होतात आणि तोंडातला गारवाही वाढतो.