हरणं पीक खातात, मग शेतकऱ्याने ती का राखावीत?

माळावर काळवीट दाखवायला कुणाला घेऊन गेलो की परतताना एक प्रश्न हमखास येतो: जे जनावर कोवळी ज्वारी आणि हरभरा खुडून खाते, ते शेतकऱ्याने का राखावे, आणि तुम्ही ज्याला लोकसहभाग म्हणता तो कशाच्या जोरावर उभा राहणार? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी घोषित झाले, आणि त्याचे क्षेत्रफळ आहे अवघे २.१७ चौरस किलोमीटर. मोकळ्या रानात धावणाऱ्या प्राण्याला हे अंगणाएवढेच, त्यामुळे कळप भोवतालच्या शेतांत, गायरानांत आणि माळांवर उतरणारच. काळविटाचे खरे यजमान गावकरी आहेत. ‘लोकांना सामील करून घेणे’ हा शब्दप्रयोगच मला म्हणून उलटा वाटतो.

दुसरे टोक सोलापूरजवळच्या नान्नजचे. तेथील माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले. त्यात अनेक गावे आणि पिकती शेते आली, जमिनीच्या व्यवहारांत अडचणी उभ्या राहिल्या, आणि माळढोकाचे नाव काढले तरी लोक चिडू लागले. पुढे त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसले. त्याच माळावर चरणाऱ्या काळविटांच्या वाट्यालाही हा राग आला असल्यास नवल नाही.

पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकार देते. पण अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांत शेतकऱ्याचे जे दिवस जातात त्यांची भरपाई कुणी देत नाही. भरपाई वेळेवर मिळायलाच हवी, मात्र तेवढ्याने कुणी हरणांचा राखणदार होत नाही.

माझ्या मते बोलणे गवतापासून सुरू करावे. माळाची सरकारी दप्तरातील ओळख बहुधा ‘पडीक’ अशी, म्हणून हिरवाईच्या उत्साहात त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. झाडी दाटली की मारवेल, पवन्या यांसारखे चाऱ्याचे गवत हटते, दूरवरचा धोका नजरेने टिपणाऱ्या काळविटाला आडोसा नको असतो, आणि धनगराची मेंढरेही उपाशी राहतात. येथे मेंढपाळ आणि काळवीट यांचे हित एकच आहे, हे सांगायला व्याख्यान लागत नाही. रेहेकुरीच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची शिस्त ग्रामसभेत ठरवली आणि पाळली. ती वरून लादली असती तर कुंपणाच्या तारा एका रात्रीत गेल्या असत्या. अर्थात, कळप घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळाला कापलेल्या गवताचा भारा पुरत नाही. त्याच्यासाठी माळाचे तुकडे आळीपाळीने राखावे आणि खुले करावे लागतील.

फासेपारध्यांचा विषय काढला की पाहुणे दचकतात. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, अशा जमातींत हे लोक होते. पिढ्यान्‌पिढ्या फास लावणाऱ्या या समाजाला हरिणी पाडस कोठे दडवते आणि कळप पाण्याला कोणत्या वाटेने येतो, हे इतर कुणाहूनही अधिक ठाऊक आहे. गणनेला आणि गस्तीला त्यांना नेमून नियमित वेतन द्यावे, असे मी दर बैठकीत म्हणतो. त्यावर चहा येतो आणि विषय बदलतो.

काही कामे इतकी साधी आहेत की त्यांना प्रकल्प म्हणवत नाही. कठडा नसलेल्या विहिरीत पळते हरीण पडते, कधी मूलही पडते. तेथे कठडा बांधायला गाव सहसा नाही म्हणत नाही. मोकाट कुत्र्यांचेही तसेच, कारण ती पाडसांबरोबर कोकरेही मारतात.

माळ राखण्याविषयी बोलायला गेलो असता एका वयस्कर मेंढपाळाने मला विचारले होते, “बंद करा की, पण आमची मेंढरं तवर कुठं न्यायची?” तेव्हापासून नकाशावर बोट ठेवून त्या जागा दाखवता येईपर्यंत मी गावात सभा बोलावत नाही.