तुम्ही विचारलंत म्हणून: हे नायजेरियन स्ट्रायकर आपल्याकडे का येतात?

मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि मुलांची फुटबॉल टीम सांभाळते. त्यामुळे टीव्हीवर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली की पालकांपासून माझ्या दिरापर्यंत सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्यातला एक ठरलेला. "टीचर, हे नायजेरियन स्ट्रायकर तिकडे युरोपात चालत नाहीत म्हणूनच आपल्याकडे येतात ना?" विचारणाऱ्याला खरं तर उत्तर नको असतं, मी नुसती मान डोलवायला हवी असते. ती मी डोलवत नाही. पण ग्राउंडच्या कडेला, शिट्टी तोंडात असताना हे सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी व्हिक्टर ओसिमेनचं बघा, कारण तो आपल्याकडे आलेला नाही आणि येणारही नाही. लागोसच्या ओलुसोसून भागात वाढलेला मुलगा, लहानपणी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्यांमधून पळत पाणी विकायचा. 2015 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात त्याने 10 गोल केले आणि जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गने त्याला उचललं. तिथे लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. मग बेल्जियममध्ये दोन क्लबांनी त्याची ट्रायल घेतली आणि नको म्हणून परत पाठवला. शेवटी शार्लरुआने लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, घेतला, गोल व्हायला लागले, तिथून फ्रान्सचा लील आणि मग इटलीचा नापोली. 2022-23 मध्ये त्याने इटलीच्या लीगमध्ये 26 गोल ठोकले आणि नापोलीने 33 वर्षांनी लीग जिंकली. 2018 च्या उन्हाळ्यात ‘चालत नाही’ असा शिक्का मारायचा तर त्याच्यावर मारायला हवा होता!

स्ट्रायकरचं हे असंच असतं. डिफेंडर दहा मॅच बरा खेळला की सगळे म्हणतात भरवशाचा आहे. स्ट्रायकरला दहा मॅच गोल मिळाला नाही की एजंटचे फोन सुरू. त्यात परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते, त्यामुळे एक जागा अडली तर ती मोकळी करायची क्लबला घाई असते. कोच बदलला, मालक बदलला, गुडघा गेला, की उचला बॅग. यात नायजेरियन असण्याचा संबंध एवढाच, की तिथल्या लीगमध्ये पगार थकणं ही जुनी रड आहे, म्हणून चांगला खेळणारा पोरगा मिशी फुटायच्या आत बाहेर पडायला बघतो. बाहेर पडला की मग जिथे करार, तिथे घर.

आता बार्थोलोम्यू ओग्बेचे. माझं उत्तर म्हणजे खरं तर हाच माणूस. जन्म 1984, नायजेरियातल्या ओगोजा गावचा. 2001 मध्ये पॅरिसच्या पीएसजीत गेला. तेव्हा तिथे ब्राझीलचा रोनाल्डिन्यो होता आणि ओग्बेचेच्याच देशाचा जे-जे ओकोचा होता. 2002 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धच्या पहिल्याच मॅचला तो सुरुवातीच्या अकरात. वय 17. आपल्याकडे या वयाचा मुलगा बारावीच्या क्लासला जातो आणि आई-वडील फुटबॉलचे बूट माळ्यावर टाकतात.

इथून पुढे त्याचा आलेख वरवर जायला हवा होता. तसं झालं नाही. पीएसजीने बास्तिया आणि मेट्झला लोनवर पाठवलं. मग अबुधाबीचा अल जझीरा क्लब. मग स्पेनमध्ये अलावेस, वयादोलिद, कादिझ. मग ग्रीसचा कावाला. तिथे तर कहरच झाला. मॅच फिक्सिंगच्या एका मोठ्या प्रकरणात वरची मंडळी अडकली आणि 2011 मध्ये क्लबलाच वरच्या लीगमधून काढलं. ओग्बेचे इंग्लंडला मिडल्सब्रोत गेला. पुढे नेदरलँड्समध्ये काम्बूर आणि विलेम ट्वे. यादी वाचताना वाटतं, फरफट आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. मग त्याला खेळताना बघितलं.

2018 मध्ये तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला, चौतिसाव्या वर्षी. त्याच सीझनला चेन्नईत टीम मागे पडलेली असताना त्याने पहिल्या हाफमध्येच हॅटट्रिक केली आणि मॅच 4-3 ने काढली. त्या वर्षी 12 गोल. पुढच्या वर्षी केरला ब्लास्टर्सकडून 15. गोल्डन बूटसाठी, म्हणजे सगळ्यात जास्त गोलांच्या बक्षिसासाठी, तिघांची बरोबरी होती, शेवटी बूट चेन्नईच्या वाल्स्किसला गेला.

मग 2020-21, मुंबई सिटी. कोविडमुळे अख्खी आयएसएल गोव्यात भरली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, आणि तिन्ही ठिकाणी प्रेक्षकांना बंदी. घरापासून गाडीने जेमतेम अर्धा तास आणि मी मॅच बघतेय टीव्हीवर! त्या वर्षी मुंबईच्या पोरांनी दोन्ही बक्षिसं, साखळीत पहिला येणाऱ्याची शिल्ड आणि फायनलची ट्रॉफी, आमच्या गोव्यातूनच नेली. लीग शिल्डची शेवटची लढत 28 फेब्रुवारीला बांबोळीला कोलकात्याच्या एटीके मोहन बागानशी होती, मुंबईला जिंकायलाच हवं होतं. मुंबईचा एक गोल आधीच झाला होता. मुंबईच्याच सांतानाची फ्री किक क्रॉसबारला आपटून खाली आली आणि ओग्बेचेने डोकं लावलं. 2-0. दोघांचे गुण 40-40, पण आपसातल्या मॅचेस मुंबईने जिंकलेल्या, त्यामुळे शिल्ड मुंबईकडे.

त्यानंतर 13 मार्च, फातोर्डा, फायनल. पुन्हा तेच दोन संघ. 1-1. नव्वदावं मिनिट आलंय, सगळे एक्स्ट्रा टाइमच्या तयारीत. मागून एक लांब बॉल येतो. खरं तर वाया गेलेला बॉल. बागानचा गोलकीपर अरिंदम पुढे येतो, त्या सीझनचा सगळ्यात उत्तम गोलकीपर बरं का. नव्याण्णव वेळा असा बॉल गोलकीपरचाच असतो, आणि म्हणून बहुतेक फॉरवर्ड तिथे अर्ध्यावर पळणं सोडतात. 36 वर्षांचा ओग्बेचे सोडत नाही. अरिंदमची गडबड होते आणि ओग्बेचे बॉल काढून घेतो. समोर गोल दिसत असताना दुसरा कुणीही तिथून मारलाच असता. हा मारत नाही. मान वर करतो, बिपिन सिंग कुठे आहे ते बघतो आणि त्याला देतो. बिपिन गोल करतो. मुंबई 2-1.

हायलाइट्समध्ये बिपिनचा शॉट दाखवतात. माझ्या मुलांना मी त्याच्या आधीचे काही सेकंद पुन्हा पुन्हा दाखवते. ते पळणं आणि ती वर केलेली मान बास्तिया, कादिझ, कावालातून आलेली आहे, रोज स्वतःची जागा नव्याने मिळवायची सवय असल्याशिवाय ती येत नाही. पीएसजीत मखरात बसून राहिला असता तर ती आली असती का, मला शंका आहे. पुढच्या वर्षी हैदराबादकडून 37 वर्षांच्या या माणसाने 18 गोल करून गोल्डन बूट घेतला. भारत सोडला तेव्हा त्याच्या नावावर आयएसएलचे 63 गोल होते, तोवरचे सगळ्यात जास्त. नंतर सुनील छेत्रीने तो आकडा मागे टाकला.

पण नायजेरियन स्ट्रायकर म्हटलं की आम्हा गोंयकारांना ओग्बेचे आठवत नाही, रँटी आणि ओडाफा आठवतात. आणि त्यांच्यासाठी तर तुमचा प्रश्नच लागू होत नाही. रँटी मार्टिन्स 2004 मध्ये गोव्याच्याच डेम्पो क्लबात आला तो पोरसवदाच, युरोपातून ‘उरलेला’ वगैरे काही नाही. कोच आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली तो इथेच घडला. डेम्पोने त्याच्या काळात राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली. 2011-12 च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचंच तेव्हाचं नाव) त्याचे 32 गोल! पुढे कोलकात्याला ईस्ट बंगालमध्येही खेळला, आणि राष्ट्रीय लीगमधल्या गोलांची बेरीज 214 वर नेऊन ठेवली. ओडाफा ओकोली चर्चिल ब्रदर्सचा, म्हणजे गोव्याच्याच दुसऱ्या क्लबचा, लोक त्याला किंग कोब्रा म्हणायचे. त्या वर्षांत डेम्पो-चर्चिल मॅचला फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये वाद एकच, रँटी मोठा की ओडाफा. मी रँटीवाली. ओडाफाची ताकद जास्त होती, मान्य, पण बॉक्समध्ये योग्य जागी आधीच जाऊन उभं राहणं रँटीला जास्त जमायचं. माझे दीर अजून मानत नाहीत.

आता थोडं कडू. 2013 मध्ये पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि मग गोव्यात जे बोललं गेलं ते आठवलं तरी लाज वाटते. एका मंत्र्याने त्या लोकांना कॅन्सरची उपमा दिली. घर भाड्याने देणार नाही अशी भाषा सुरू झाली. ज्या रँटीच्या गोलवर आम्ही घसा बसवून घेतला, त्याच्याच देशाचे हे लोक. म्हणून ‘तिकडे चालत नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मी जरा जास्तच चिडते. स्पॅनिश किंवा डच खेळाडू पस्तिशीत आला की तुम्हीच त्याला ‘अनुभवी’ म्हणता. कोच लोबेराच्या एफसी गोवा संघात स्पेनचा कोरो आला तेव्हा तोही तिशी पार केलेला होता, तिकडे का चाललं नाही असं मला कुणीही विचारलं नाही.

यावर हुशार पालक लगेच दुसरा प्रश्न काढतात. "मग टीचर, नऊ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, बाहेरचाच असेल तर आमच्या पोरांनी खेळायचं कुठे?" हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. क्लब परदेशी कोटा पहिल्यांदा नऊ नंबरवर खर्च करतात, कारण गोल विकत घेणं हे गोल करणारा घडवण्यापेक्षा लवकर होतं. खुद्द छेत्री बंगळुरूत व्हेनेझुएलाचा मिकू पुढे असताना डावीकडून खेळायचा. 2021-22 पासून मैदानावर पाचाऐवजी चारच परदेशी ठेवायचा नियम आला, पण त्याने नऊ नंबर मोकळा झाला नाही, मधल्या फळीतला एक कमी झाला.

त्याच सीझनची फायनल फातोर्ड्यालाच झाली आणि या वेळी लोकांना आत सोडलं. हैदराबाद एका गोलने मागे, 88 मिनिटं झालेली. सगळ्यांचे डोळे ओग्बेचेवर, आणि बरोबरीचा गोल मारला साहिल तवोराने. गोव्याचा मुलगा, बॉक्सच्या बाहेरून सरळ हाफ व्हॉली. पेनल्टीवर हैदराबाद जिंकलं. पण साहिल मिडफिल्डर आहे. गोव्याचा नऊ नंबर कुठे आहे, हे तुम्ही मला विचारण्यापेक्षा क्लबवाल्यांना विचारलंत तर मीही येते तुमच्याबरोबर.